दोन मिनिटं बाहेर

डोरोथी मिस कुठल्याही मुलाला वाईट म्हणत नसत. मूल वाईट नसतं, त्याला काहीतरी सांगायचं असतं आणि सांगता येत नसतं, हे वाक्य त्या तीस वर्षं इतक्या जणांना ऐकवत आल्या होत्या की एकदा तव्यावरचा बोंबील करपला तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, लुईसने, तेच वाक्य बोंबलाबद्दल म्हणून दाखवलं. मिस हसल्या नाहीत. दोन दिवस त्याच्याशी धड बोलल्याही नाहीत. बाकी कशाचीही थट्टा करा, कामाची केलेली त्यांना खपत नसे.

काम असं, की जी मुलं वर्गात चावतात, मारतात, भिंतीवर डोकं आपटतात किंवा मधेच उठून पळत सुटतात, त्यांच्याकडे आधी नीट बघायचं आणि मग त्यांच्यासाठी वागणुकीचा एक आराखडा लिहून द्यायचा. शाळेत सगळे त्याला प्लॅन म्हणतात. बाई वयाने चोपन्न, अंगाने बारीक, केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात बारीक क्रूस. मुलुंडला एक शाळा, अंधेरीला एक, आणि मंगळवार-शुक्रवार बोरीवलीची. ही बोरीवलीची शाळा त्यांच्या गावठाणातल्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. फाटकावर मोठा फलक आहे, 'इथे प्रत्येक मुलाचं स्वागत आहे', आणि शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेलं एक हसरं मूल रंगवलंय. फाटकातून आत गेलं की पहिल्याच दाराला चार पायऱ्या आहेत. फलक रंगवणाऱ्याला त्या कुणी दाखवल्या नसाव्यात.

या कामात त्या आल्या त्या मेल्विनमुळे. मेल्विन त्यांचा धाकटा भाऊ. तेव्हा गावठाणाच्या मागे, आता जिथे बावीस मजली इमारती उभ्या आहेत तिथे, त्यांच्या बापाची भातशेती होती. लावणीच्या दिवसांत घरात कुणी नसायचं आणि मेल्विन एकटा राहिला की थेट विहिरीकडे चालू लागायचा. म्हणून आई त्याला जुन्या लुगड्याच्या पट्टीने पडवीच्या खांबाला बांधून जायची. पट्टी मऊ होती, आईचं काळीजही काही दगडाचं नव्हतं, पण बांधलेला तो बांधलेलाच. धडपडून थकला की तो स्वतःचं मनगट चावायचा. चौदाव्या वर्षी न्युमोनियाने गेला. मयताला आलेल्या बायका आईला म्हणाल्या, सुटलीस गं बाई. आईने मान डोलावली. डोरोथी तेव्हा अठरा वर्षांची होती. आईने डोलावलेली ती मान तिने पाहिली आणि त्याबद्दल आईला कधी माफ केलं नाही.

मग डिप्लोमा, मग मुलुंडची विशेष शाळा, मग हे प्लॅन. पद्धत त्यांची ठरलेली होती. पहिले दहा दिवस मिस बाकीच्या शाळा बाजूला ठेवून रोज येत आणि काहीच करत नसत. वर्गात मागच्या बाकावर बसून नुसतं लिहीत. वहीच्या पानावर तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. वर्गशिक्षिका वैतागायच्या. पोरगी चावतेय आणि तुम्ही लिहीत काय बसलाय, असं एकीने तोंडावर विचारलं होतं. मिस म्हणायच्या, तिसरा रकाना बघा, मुलाला जे हवं असतं ते तिथे सापडतं. त्या तीन रकान्यांवर त्यांचा येशूच्या खालोखाल विश्वास होता.

तर जान्हवी. आठ वर्षांची, तिसरीत. बोलणं तुटक, एका वेळी दोन शब्द. चित्रं काढायची ती फक्त बसच्या मागच्या बाजूची, नंबरासकट, आणि नंबर कधी चुकायचा नाही. आधीच्या दोन शाळांनी तिच्या आईच्या हातात दाखला ठेवून तिला वाटेला लावलं होतं. या शाळेत जूनपासून दिवाळीपर्यंत तिने नऊ मुलांना चावलं. दहावी तेजल. तेजलच्या आईने मुलीच्या हाताचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि तासाभरात एकेचाळीस जणांनी त्याखाली आपापली अक्कल पाजळली. एका सुशिक्षित बापाने लिहिलं, कुत्र्यालासुद्धा तोंडाला जाळी बांधतात. त्याला सोळा अंगठे आले.

मुख्याध्यापक नंदकिशोर सर हे आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी डोरोथी मिसना आणि जान्हवीच्या आईबापांना एकत्र बसवलं आणि मऊ आवाजात अट सांगितली. निरीक्षणाचे दहा दिवस सोडून सहा आठवडे. त्यातल्या शेवटच्या दोन आठवड्यांत मुलगी एकदाही चावता कामा नये. जमलं तर पुढच्या वर्षीचाही प्रवेश पक्का. नाही जमलं तर दाखला.

बाप, नितेश, विमानतळावर कार्गोत कामाला. तो तिथे एक अक्षर बोलला नाही. पण आई, श्वेता, जिना उतरताना मिसना म्हणाली, "ही शाळा गेली ना मिस, की तो हिला कणकवलीला पाठवणार. त्याच्या आईकडे. गोठ्याशेजारची खोली रिकामी करून ठेवलीय. सासूबाईंनी फोटोपण पाठवलाय."

तिने फोनवर फोटो दाखवला. चांगली सारवलेली खोली, खिडकीला नवे गज, दाराला बाहेरून कडी. डोरोथी मिसना पडवीतला खांब आठवला. त्या म्हणाल्या, "श्वेता, तुझी मुलगी कुठेही जाणार नाही. शब्द देते." असला शब्द द्यायचा नसतो हे त्या शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी बजावत. तरी दिला.

दहा दिवसांत वहीत चौदा नोंदी झाल्या, नुसत्या बाहीला लागलेले दातसुद्धा धरून. आणि तिसरा रकाना सगळीकडे सारखा निघाला. फळ्यावरचं लांबलचक उतरवून घ्यायचं असलं की जान्हवीचा हात थकायचा, अक्षरं हलायला लागायची, ती शेजारच्याला चावायची, आणि वर्गशिक्षिका प्रेमा टीचर तिला तडक वर्गाबाहेर काढायची. बाहेर व्हरांड्यातून रस्ता दिसतो. रस्त्यावर बस दिसते. चावलं की बाहेर जायला मिळतं, एवढा साधा हिशोब त्या पोरीने मांडला होता आणि शाळेने तो दर वेळी बरोबर ठरवून दिला होता.

मिसनी प्लॅन लिहिला तो याच्यावरच. बाहेर जायला चावायची गरज नाही, मागितलं तरी मिळतं, हे तिला शिकवायचं. त्यासाठी एक लाल कार्ड केलं, त्यावर उघडं दार काढलं. जान्हवीने कार्ड उचलून दाखवलं की जानकीमावशीने तिला बाहेर न्यायचं. जानकीमावशी म्हणजे तिसरीच्या मजल्यावरच्या मदतनीस, साठीकडे झुकलेल्या, मूळच्या मालवणकडच्या, कामाला वाघ. मिसनी त्यांच्यासाठी ठळक अक्षरांत कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कार्ड दाखवलं की लगेच बाहेर. दोन मिनिटं. मग परत जागेवर. रागवायचं नाही, बोलायचं नाही. रोज किती वेळा चावली आणि किती वेळा कार्ड दाखवलं, त्याच्या रेघा ओढायच्या. मावशींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि कळलं म्हणून मान हलवली.

पहिल्या आठवड्यात अकरा चावे, कार्ड दोनदा. दुसऱ्यात सात चावे आणि कार्ड एकोणीस वेळा. मिस खूश झाल्या, असंच व्हायला हवं होतं. तिसऱ्यात तीन चावे, कार्ड चारदा. चौथ्यात चावणं शून्य, कार्डही शून्य. पाचव्यात पुन्हा दोन्ही शून्य.

इथे डोरोथी मिस चुकल्या, आणि ही चूक या धंद्यातलं माणूसच करू शकतं. ज्या पोरीचा हात लिहिताना थकतो तिचा हात तीन आठवड्यांत थकायचा थांबत नाही. चावणं बंद झालं तर कार्ड वाढायला हवं होतं. चावणंही नाही आणि मागणंही नाही, याचा अर्थ पोरीने काहीही सांगणं सोडलंय. शिकाऊ मुलीच्या वहीत हे आकडे दिसते तर मिसनी लाल पेनाने गोल करून तिला फैलावर घेतलं असतं. पण वही स्वतःची होती, शब्द दिलेला होता आणि आलेखावरची चाव्यांची रेघ जिना उतरावा तशी खाली आली होती. मिसनी कार्डाच्या आकड्यांपुढे लिहिलं, 'गरज उरली नाही.' लिहून समाधानाने चहा प्यायल्या. अंधेरीच्या शाळेने शनिवारी शिक्षकांसाठी कार्यशाळा ठेवली होती, तिथे हाच प्लॅन मांडायचं त्यांनी कबूल करून टाकलं.

श्वेता तर हवेतच होती. जान्हवीच्या वाढदिवसाला वर्गातल्या मुलांना घरी बोलवायचं तिने ठरवलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. ग्रुपवर तिने तसं लिहिलं आणि चार आयांनी येतो म्हणून कळवलं.

सहाव्या आठवड्याचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सरांच्या खोलीत निकालाची बैठक. गुरुवार हा मिसचा बोरीवलीचा वार नव्हे, पण कार्यशाळेसाठी त्यांना कार्डाचा एक फोटो हवा होता, जान्हवीच्या हातात धरलेल्या कार्डाचा. त्या अकराच्या सुमाराला न सांगता वर्गात शिरल्या.

जान्हवी लिहीत होती. पाठ ताठ, दोन्ही ओठ आत ओढून घट्ट मिटलेले. केवढं लक्ष देऊन लिहितेय, असं मिसना वाटलं. त्या तिच्याशेजारी वाकल्या, दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून कार्ड काढलं आणि हळूच म्हणाल्या, "जानू, हे घे. दाखव बघू मिसला."

पोरीने कार्डाकडे बघितलं. पेन्सिल खाली पडली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि बाकाखाली पाण्याचा ओघळ आला. आवाज काहीही नाही.

"होतं असं कधीकधी तिचं," प्रेमा टीचर फळ्याकडूनच म्हणाली. "पण चावत नाही ना आता. तेवढं तरी बरं, यार."

जानकीमावशी पोछा घेऊन दारात हजर होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. मिसनी त्यांना हातानेच थांबवलं आणि जान्हवीला स्वतः बाथरूमकडे घेऊन गेल्या. दाराशी पोरीने चौकट धरली, मग आपणच सोडली. आत जाऊन बादलीशेजारच्या कोपऱ्यात उभी राहिली, भिंतीला पाठ लावून. हनुवटी वर केली, डोळे मिटले, खालचा ओठ पुढे काढला आणि थांबली.

डोरोथी मिसनी ओठ बोटाने हलकेच खाली केला. आतल्या बाजूला जोडीजोडीने जांभळ्या खुणा होत्या. काही पिवळ्या पडलेल्या, काही ताज्या. त्यांनी पोरीला धुतलं, कोरडं केलं, प्रेमा टीचरच्या कपाटातले जादाचे कपडे चढवले आणि वर्गात नेऊन बसवलं.

जानकीमावशी व्हरांड्यात पोछा पिळत होत्या. मिसनी विचारलं, "मावशी, काय करता तुम्ही तिला?"

मावशींनी लपवाछपवी केली नाही. एप्रनच्या खिशातून कपडे वाळत घालायचा निळा प्लॅस्टिकचा चिमटा काढून दाखवला. "ह्यो लावतंय ओठाक, उलटो करून आतसून. कागदार लिवलेला आसा ना, दोन मिनटां भायर. घड्याळ लावून दोन मिनटां, जास्त नाय. रागवाक नाय, बोलाक नाय. तसाच करतंय."

"कार्ड दाखवलं तरी?"

"मगे? टीचर बोलल्या, दर पाच मिनटांनी दार उघडता, शिकवूचा कसा, मावशी ह्येका जरा आवरा. म्हणून दोन्हीक लावलंय. चावला तरी आणि कार्ड दाखवल्यान तरी." मग मिसच्या चेहऱ्याकडे बघून त्या जरा समजुतीने म्हणाल्या, "रगत नाय, काय नाय, मिस. माझे तिनव नातू अशेच सुधारले. तुमचा कागद नि माझो चिमटो, झाला ना चेडू शाणा?"

डोरोथी मिसना मावशींच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी मारावंसं वाटलं, आणि हात उचललाही गेला. मावशी दोन पावलं मागे सरल्या. मिसनी तोच हात स्वतःच्या तोंडावर दाबला आणि त्या नंदकिशोर सरांच्या खोलीकडे निघाल्या.

सरांनी सगळं ऐकलं, चहा मागवला. वाईट वाटल्यासारखा चेहरा त्यांना चांगला जमायचा.

"फार वाईट," सर म्हणाले. "मावशींना मी आत्ताच्या आत्ता घरी पाठवतो. सोमवारपर्यंत रजा. तो चिमटा परत शाळेत दिसणार नाही, ही माझी जबाबदारी. आता मला सांगा मॅम, तुम्ही हे लेखी देणार आहात?"

"द्यायलाच हवं."

"जरूर द्या. मी अडवणार नाही. फक्त लेखी आलं की मला चौकशी लावावी लागेल. मग हे दोन आठवड्यांचे शून्य प्लॅनचे नाहीत, असं होणार. अट पुरी झाली नाही, असं होणार. आणि उद्याच मुदत संपते." त्यांनी कप मिसच्या पुढे सरकवला. "प्लॅनवर देखरेख कोणाची, हेही पालक विचारतील. मी उत्तर काय देऊ?"

"आणि तोंडीच सांगितलं तर?"

"तोंडी तुम्ही मला काही सांगितलंच नाहीत. मुलगी शाळेत राहील."

माणूस नीच होता, पण बोलत होता ते खोटं नव्हतं, आणि मिसना चीड आली ती त्याचीच. त्यांना पुढचंही दिसत होतं. मावशी रजेवर, चिमटा नाही, आणि कार्ड तर असं नासलं होतं की ते पुन्हा पोरीच्या हातात देणं म्हणजे तिला बाथरूमच्या कोपऱ्यात उभं करणं. भीती उतरली की सोमवारी, फार तर मंगळवारी ती चावणार. सगळं पहिल्यापासून शिकवायला तीन महिने लागतील, आणि ते तीन महिने तिला कुणी देणार नव्हतं.

दुपारी चारला त्या बोरीवली पूर्वेला श्वेताच्या घरी गेल्या. नॅशनल पार्कच्या अंगाला, सातव्या मजल्यावर, दोन खोल्या. नितेश ड्युटीवर होता. श्वेता वाढदिवसाच्या सामानाची यादी करत बसली होती. आतल्या खोलीत जान्हवी जमिनीवर पालथी पडून बस काढत होती.

मिसनी सांगितलं. चिमटा, ओठ, दोन मिनिटं, बादलीशेजारचा कोपरा, सगळं. स्वतःची चूकही सांगितली, कार्डाच्या आकड्यांची. आईने किंचाळावं, आपल्याला दोन शिव्या घालाव्यात, उद्या सरांच्या टेबलावर हात आपटावा, असं त्यांना मनातून वाटत होतं. म्हणजे लेखी द्यावंच लागलं असतं. एरवी पालकांना काय करायचं ते ठणकावून सांगणारी बाई आज निर्णय आईच्या पदरात टाकून मोकळी व्हायला आली होती.

श्वेता ऐकत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले असतील."

"म्हणजे चावणं थांबलं तेव्हापासून."

"हो."

"कार्डाने नाही थांबलं ते."

"नाही."

श्वेताने आतल्या खोलीकडे बघितलं. "तुम्ही उद्या सांगणार हे?"

"तू म्हणशील तसं. सांगितलं तर शाळा जाईल. नितेशशी मी स्वतः बोलेन, त्याला समजावेन..."

"तो समजणार नाही, मिस. तुम्हाला पण माहितेय." तिने पदराने नाक पुसलं, मग ब्लाउजची लांब बाही कोपराच्या वर सरकवली. मनगटापासून वरपर्यंत दातांच्या खुणा होत्या, एकीवर एक चढलेल्या. "हे घरचे. शाळेत शून्य, घरी रोज. चावते ते नितेशला माहितेय, पण हात एवढा भरलाय हे दाखवत नाही. त्याने बघितलं ना, तर शाळा असो नसो, पाठवेल तो तिला. मी सारखी विचार करायचे, शाळेत अशी काय जादू करतात आणि मला का नाही जमत."

मिसनी तिची बाही हलकेच परत खाली ओढली.

"तुम्हीच सांगता ना मिस, शाळेत एक आणि घरी एक असं चालत नाही, मूल गोंधळतं." श्वेताचा आवाज आता कोरडा झाला होता. "कुठे लावतात?"

"श्वेता."

"नुसतं सांगा. ओठाला म्हणालात. वरच्या की खालच्या?"

डोरोथी मिसना चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ होता. उठायला हवं होतं, आत जाऊन पोरीला उचलायला हवं होतं, निदान या बाईच्या खांद्याला धरून तिला हलवायला हवं होतं. हे सगळं त्यांना कळत होतं. पण उचलून नेणार कुठे? कणकवलीची ती कडी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आणि सवय फार वाईट. पालकाने सरळ प्रश्न विचारला आणि मिसनी सरळ उत्तर दिलं नाही, असं तीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

"खालच्या," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सरांच्या खोलीत सगळे जमले. नितेश इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि डोरोथी मिसनी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं. प्रेमा टीचरने वर्गातर्फे दोन चांगले शब्द सांगितले. सरांनी आकडे वाचून दाखवले. अकरा, सात, तीन, शून्य, शून्य, शून्य. जान्हवी आईला चिकटून उभी होती. सरांनी पुढे केलेलं चॉकलेट तिने घेतलं आणि नुसतं मुठीत धरून ठेवलं.

डोरोथी मिस तिच्या तोंडाकडे बघत होत्या. खालच्या ओठाच्या बाहेरच्या बाजूला एक नवी, रुंद, लाल खूण होती. जानकीमावशी काल दुपारपासून रजेवर होत्या. आणि मावशी कधी बाहेरून लावत नसत, त्यांचा हात सरावलेला होता. हा हात नवा होता. मिसनी मान वर केली तर श्वेता त्यांच्याकडेच बघत होती. तिने नजर चोरली नाही. तिचे डोळे सुजलेले होते, पण नजर चोरली नाही.

"सर, एक सांगू का," नितेश म्हणाला. "काल रात्री ही घरी पण एकदाही चावली नाही. आमच्याकडे असं पहिल्यांदाच झालं. मॅडमचे उपकार आहेत."

"वा," नंदकिशोर सर म्हणाले. "मग ते पण नोंदवून घ्या, मॅम. घरचा रिझल्ट आला म्हणजे प्लॅन पक्का झाला."

सरांनी कागद मिसच्या पुढे सरकवला. डोरोथी मिसना स्वतःची किळस आली. आता बोललं तरी चालेल, अजून सही झालेली नाही, असं त्यांना वाटून गेलं. मग त्यांनी नितेशच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि पेनाचं टोपण काढलं. आकड्यांच्या खाली थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी ठळक अक्षरांत 'घर' असं लिहिलं, त्याच्यापुढे शून्य काढलं आणि खाली सही केली.